ताऱ्याच्या घरचा जुगार

जुगारात गेलेला पैसा कुठे जातो, हे आजवर एकाही जुगाऱ्याला सांगता आलेले नाही. पाडव्याला पट मांडून बसणाऱ्या वाचकांना हे मी वेगळे सांगायला नकोच! पण आकाशातले तारेही जुगारात हरतात, ही बातमी मात्र त्यांना नवी असेल.

ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोत 'उर्का' नावाचा जुगारखाना होता. तिथे जसा हां हां म्हणता पैसा नाहीसा होतो, तशी ताऱ्याच्या पोटातली ऊर्जा नाहीशी करणारी एक क्रिया गॅमॉव्ह आणि शॉनबर्ग या शास्त्रज्ञांना सुचली. १९४१ साली त्यांनी तिला नावही 'उर्का' हेच दिले. न्यूट्रॉन फुटून प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन होतात. ते दोघे मिळून पुन्हा न्यूट्रॉन होतो. भांडवल जागच्या जागी. पण जुगारखान्याच्या मालकाने नाल घ्यावा, तसा दर डावाला एकेक न्यूट्रिनो ऊर्जा घेऊन पसार होतो.

हा न्यूट्रिनो म्हणजे अवलिया. सगळी पृथ्वी आरपार ओलांडली तरी त्याला सहसा कुणी अडवीत नाही. पण नुकत्याच जन्मलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यात तोही अडकतो! तिथल्या चमचाभर द्रव्याचे वजन शंभर कोटी टनांच्या घरात. त्या गर्दीत धक्के खात बाहेर पडायला त्याला काही सेकंद लागतात.

हे नुसते कागदावरचे गणित नव्हे. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवरच्या एका स्फोटातले न्यूट्रिनो पृथ्वीवर पोचले. जपान, अमेरिका आणि त्या वेळचा सोव्हिएत रशिया यांनी मिळून जेमतेम दोन डझन पकडले, तेही दहाबारा सेकंदांत. स्फोटाचा उजेड त्यानंतर काही तासांनी आला. २०२४ साली वेब दुर्बिणीला त्या राखेत न्यूट्रॉन ताऱ्याच्या खुणाही सापडल्या.

पुढे तारा निवला, की न्यूट्रिनोला वाट मोकळी. मग लाखभर वर्षे मुख्यतः तोच उष्णता बाहेर नेतो. पोटात दर नऊ कणांमागे निदान एक प्रोटॉन असेल, तरच उर्काचा डाव भरधाव चालतो आणि तारा झपाट्याने थंड होतो. म्हणून शास्त्रज्ञ ताऱ्याचे वय आणि तापमान ताडून पाहतात. त्याच्या पोटात शिरणे कुणालाच शक्य नाही. पण खर्चाची वही हाती आली, की घरात काय चालले आहे ते शेजाऱ्यालाही कळतेच की!