फुकट आणि मुक्त
अँड्रॉइडचं अॅप बनवायला पैसे पडत नाहीत, हे खरं. पण फुकट म्हणजे मुक्त नव्हे. सोर्स कोड बराचसा अपाची परवान्याखाली खुला, तरी गूगलचा तयार एसडीके (अॅप बनवण्याचा साधनसंच) उतरवताना त्यांचा वेगळा करार मान्य करावा लागतो. (वाचतो कोण म्हणा!) तो नको असेल तर डेबियन लिनक्स घ्या. ओपनजेडीके, ग्रेडल, एडीबी अशी लागणारी सगळी साधनं डेबियनच्याच भांडारातून मिळतात. गोम एवढीच, की तिथला एसडीके प्लॅटफॉर्म २३ क्रमांकाचा, म्हणजे २०१५ च्या अँड्रॉइड ६ चा. त्याच क्रमांकाला लक्ष्य केलेलं अॅप अँड्रॉइड १५ चा फोन सरळपणे बसवूनही घेत नाही. तेव्हा घरातला जुना फोन इतक्यात भंगारवाल्याला देऊ नका. चाचणीला तोच लागेल.