पंधरा हजारांची सूट

देवरूखच्या एका कॉलेजात या आठवड्यात सी++ची जर्नलं तपासून झाली. फंक्शन चार ओळींचं असो की सव्वाशे ओळींचं, प्रत्येकाच्या डोक्यावर ‘इनलाइन’ हा शब्द! ‘त्यामुळे प्रोग्राम वेगाने पळतो’ हे ओरलचं ठरलेलं उत्तर, आणि त्याला गुणही मिळाले. जर्नल उतरवून काढण्याच्या रोगावर या स्तंभात वारंवार लिहून झालं आहे. रोग हटत नाही, म्हणून पुन्हा.

‘इनलाइन’ ही कंपायलरला केलेली नुसती विनंती; तो विनंतीवर नव्हे, हिशेबावर चालतो. क्लँग या कंपायलरच्या पोटातला एलएलव्हीएम फंक्शनमधल्या जवळपास प्रत्येक सूचनेचे 5 गुण खर्ची टाकतो आणि वाचणाऱ्या कॉलची वजावट देतो. कॉलमध्ये ठरावीक आकडा पाठवला असेल, तर त्यामुळे निकामी होणाऱ्या ‘इफ’च्या फांद्या तो मोजतच नाही. बेरीज नेहमीच्या 225 च्या आत राहिली, तर फंक्शनचा मजकूर कॉलच्या जागी उतरतो. ‘इनलाइन’ लिहिलं की मर्यादा 325 होते. सवलत 100 ची.

आता तेच फंक्शन ‘स्टॅटिक’ करा आणि त्याला एकाच ठिकाणाहून कॉल करा. एलएलव्हीएम 15,000 ची सूट देतो! स्टॅटिक फंक्शन दुसऱ्या फाइलला दिसत नाही. एकुलता एक कॉल भरला गेला की मूळ प्रत काढून टाकता येते आणि प्रोग्राम फुगत नाही. ‘स्टॅटिक’ नसेल तर दुसऱ्या फाइलमधून कॉल येण्याची शक्यता उरते; मग मूळ प्रतही सांभाळावी लागते आणि उतरवलेलीही. जीसीसी हा दुसरा कंपायलरसुद्धा असं एकदाच वापरलेलं स्टॅटिक फंक्शन ऑप्टिमायझेशनच्या ‘ओ1’ पातळीपासूनच उतरवायला बघतो.

मग सी++मध्ये ‘इनलाइन’ कशासाठी? हेडरमधली एकच व्याख्या अनेक फाइलींत आली, तरी लिंकरने तक्रार करू नये म्हणून. जर्नलात नेमकं हेच नसतं.

पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने कार्यशाळा घेऊन जीसीसीचं अंतरंग विद्यार्थ्यांपुढे उलगडून दाखवलं. देवरूखला तेवढ्या खोलात जायची गरज नाही. क्लँगला ‘आरपास’ पर्याय दिला की कोणतं फंक्शन कुठे उतरलं, खर्च किती आणि मर्यादा किती, हे तो ओळीनिशी छापतो. पुढच्या प्रॅक्टिकलला विद्यार्थ्यांनी तो छापील हिशेब जर्नलात चिकटवावा आणि ओरलला परीक्षकांनी त्यातल्याच एका ओळीवर बोट ठेवून ‘हे का उतरलं?’ एवढं विचारावं.