पहिल्याच रिमांडला ओळखा

टेंभुर्णीचा आरोपी जाफ्राबादच्या न्यायालयात रिमांडसाठी उभा आहे असे समजा. "पोलिसांविरुद्ध तक्रार आहे का?" "नाही साहेब." "वकील हवा का?" "हो साहेब." पुढचा पुकारा होतो.

या उत्तरांमागे बौद्धिक अक्षमता असू शकते, हे त्या घाईत कुणाच्या ध्यानात येत नाही. सौम्य अक्षमता चेहऱ्यावर दिसत नाही. असा माणूस गुरे राखतो, मजुरीला जातो. पण साहेबासमोर प्रत्येक गोष्टीला मान डोलावतो. मग निवेदन पंचनाम्याखाली ठरलेले वाक्य येते, "वाचून दाखविले, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे", आणि अंगठा उमटतो. पोलिसांसमोरची कबुली पुराव्यात चालत नाही. मात्र तिच्यातून वस्तू हस्तगत झाली, तर तेवढा भाग भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ नुसार चालतो. खटला पुष्कळदा तिथेच फिरतो.

कायद्यात वाट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमे ३६७ व ३६८ मनोविकलतेबरोबर बौद्धिक अक्षमतेचाही वेगळा विचार करतात. मनोरुग्णाची चौकशी तहकूब ठेवता येते, कारण तो बरा होऊ शकतो. बौद्धिक अक्षमता औषधाने जात नाही; तिच्यामुळे आरोपी बचाव करू शकत नसेल, तर कारवाई बंद करून कलम ३६९ नुसार पुढची व्यवस्था करायची असते. आपण वकील मात्र सरसकट मनोरुग्ण म्हणून अर्ज करतो. 'मनोरुग्ण नाही' असा अहवाल आला की विषय संपतो, आणि खरा प्रश्न विचारलाच जात नाही.

म्हणून पहिल्या भेटीत "समजलं का?" विचारू नका, आरोप काय आहे, हे त्याला त्याच्या शब्दांत सांगायला लावा. शाळा कितवीत व का सुटली, पैशाचा हिशेब जमतो का, हे घरच्यांना विचारा. दिव्यांग प्रमाणपत्र आहे का पाहा. अर्जात 'बौद्धिक अक्षमता' हेच शब्द लिहा आणि शासकीय रुग्णालयातील चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडून तपासणी मागा. आरोपी बचावास सक्षम ठरला, तरी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १२ चा आधार घेऊन सुनावणीत साहाय्य मागता येते.

'प्रोजेक्ट ३९ए' या संशोधन गटाच्या २०२१ च्या अहवालासाठी तपासलेल्या फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे ११ टक्के कैद्यांत बौद्धिक अक्षमता आढळली. फाशीच्या कोठडीत ती उघड होणे, हे आपल्या सगळ्या व्यवस्थेचे अपयश आहे. डॉक्टर आणि न्यायाधीश नंतर येतात. आरोपीशी शांतपणे बोलायची पहिली संधी बचावाच्या वकिलाला मिळते. ती वाया घालवू नका.