इथे माया ठेवू नका

मैत्रिणींनो, या आठवड्याचं पत्र थेट इंग्लंडहून आलं आहे. पत्र लिहिणाऱ्या बाईंचं माहेर सातारचं, गेली अठरा वर्षं त्या मँचेस्टरजवळ राहतात. वय शेहेचाळीस. मुली असताना विहिरीत सूर मारायच्या, लग्नानंतर पोहणं सुटलं ते सुटलंच. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तलावावर जायला पुन्हा सुरुवात केली आणि आता येत्या जूनमध्ये चक्क ट्रायथलॉनमध्ये उतरणार आहेत. म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. मध्ये विसावा नाही. पोहायचं अंतर १५०० मीटर, तेही उघड्या तळ्यात. वाचूनच मला धाप लागली!

त्यांचा प्रश्न मात्र साधा आहे. ‘‘पहिलाच वेटसूट घ्यायचा आहे. चित्रात तो फारच अंगाबरोबर दिसतो. एक माप मोठा घेतला तर चालेल ना? जूनमध्ये सासूबाई आमच्याकडेच असतील.’’

ताई, सासूबाईंचं आपण शेवटी बघू. मापाचं आधी सांगते. एक माप मोठा मुळीच चालणार नाही.

आपल्याला सवय असते हो. मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घ्यायचे, ब्लाउजच्या शिवणीत दोन बोटं माया ठेवायची, पुढे अंग भरलं तर उसवता येते. वेटसूटला ही माया महागात पडते. मी हे ऐकीव सांगत नाही. माझी भाची लीड्सला असते. तिनं पहिल्या वेळी मैत्रिणीचा वेटसूट मागून नेला. मैत्रीण उंच, अंगानं भरलेली. मी काठावर थर्मास घेऊन उभी. पोरगी निघाली झोकात. पण दोनशे मीटरवर तिचा वेग मंदावला, मग हात वर झाला आणि होडीवाल्यानं तिला काठावर आणलं. पाठीच्या पन्हाळीत आणि बाह्यांत इतकं पाणी भरलं होतं की मनगटाशी रबर ओढलं तर धार लागली. ओठ निळे पडले होते. पोहणं तिला उत्तम येतं. दगा दिला तो कपड्यानं.

असं का होतं ते समजून घ्या. वेटसूट निओप्रीन नावाच्या रबराचा असतो. ढोकळ्याला जाळी असते तशी त्यात बारीक जाळी असते, फक्त इथे प्रत्येक भोक बंद आणि आत वायू. त्यामुळे ऊब टिकते आणि अंग वर तरंगतं. आत थोडं पाणी शिरतंच, पण सूट घट्ट असेल तर तो पातळ थर तिथेच राहून अंगाच्या उबेनं कोमट होतो. सैल सुटात दर हाताला जुनं पाणी बाहेर, नवं गार पाणी आत. म्हणजे ऊब गेलीच, वर त्या पाण्याचं ओझं तुम्ही ओढायचं.

दुकानात गेल्यावर ‘ट्रायथलॉनचा’ म्हणूनच मागा. पाणबुड्यांचा किंवा लाटांवर खेळणाऱ्यांचा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. त्याला बाहेरून कापड असतं, ते पाण्यात ओढ देतं, आणि खांद्यालाही तो जाड असतो. पोहण्याचा सूट बाहेरून गुळगुळीत असतो. छाती-मांड्यांना तीन ते पाच मिलिमीटर जाड, खांद्याला दीड-दोनच, म्हणजे हात मोकळा फिरतो. पाचापेक्षा जाड सूट स्पर्धेत चालत नाही. बिनबाह्यांचाही मिळतो, पण तुमच्या तळ्यांचं पाणी जूनमध्येही पंधरा-सोळा अंशांच्या आसपास असतं. बाह्यांचाच घ्या.

माप उंची, वजन आणि छाती यांवर ठरतं. आपल्या बायका बुटक्या पण छाती-नितंबांना भरलेल्या असतात, त्यामुळे उंची एका रकान्यात आणि वजन दुसऱ्यात असं हमखास होतं. अशा वेळी वजन आणि छाती धरा. पाय लांब झाले तर काही कंपन्यांच्या सुटांचे घोटे कात्रीनं कापता येतात. आधी विचारा, मग कापा! बायकांच्या बेताचे सूट वेगळे असतात, पुरुषांचा लहान माप घालून भागवू नका.

आता घालायची रीत. घाईचं काम नाही, पहिल्या वेळी वीस मिनिटं हाताशी ठेवा. नखं कापलेली हवीत. अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र काढून ठेवा; गुळगुळीत रबर नखानं किंवा खड्यानं चटकन चिरतं. केस वर बांधा, नाहीतर पाठीच्या चेनमध्ये अडकतात. पावलावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली की पाय सरसर आत जातो. मग बोटांच्या टोकांनी नव्हे, बोटांच्या पेरांनी चिमटीत धरून थोडं थोडं वर सारायचं.

सगळी गोम आहे ती दोन मांड्यांच्या मध्ये. नऊवारीचा काष्टा सैल राहिला की पुढचं सगळं नेसणं फसतं ना, तस्संच. तिथे फट राहिली तर सूट खांद्यांना खाली ओढतो आणि शंभर मीटरवर हात भरून येतात. बायका सूट ‘लहान होतो’ म्हणून परत करतात तेव्हा पुष्कळदा तो फक्त नीट वर ओढलेला नसतो. तिथे बसला की मग बाह्या, आणि खांद्यांवरही कापड थोडं जास्तीचं सारून घ्या. चेन दुसऱ्याकडून लावून घ्या.

मग आरशात बघा, पण दिसण्यासाठी नव्हे. कमरेच्या मागे पोकळी आहे का? काखेत फुगा राहतो का? हात वर करा, खोल श्वास घ्या, आवंढा गिळा. गळा घट्ट वाटेल, पण श्वास पुरा आला पाहिजे. कोरड्या अंगावर जो सूट आरामशीर वाटतो तो पाण्यात मोठा होतो, हे पक्कं ध्यानात ठेवा.

मानेला मात्र वंगण हवं, नाहीतर पट्टा घासून सोलवटतं. व्हॅसलीन नको, त्यानं रबर खराब होतं; दुकानातच खास कांडी मिळते.

अंगात सूट असला की स्पर्धेलाच पहिल्यांदा पाण्यात, असं कृपा करून करू नका. आधी तीन-चार वेळा तळ्यात उतरा, एकटीनं नाही. गार पाण्यात पहिलं मिनिटभर श्वास तुटक होतो आणि त्यात गळ्याशी घट्ट रबर, म्हणून भल्याभल्या घाबरतात. सावकाश उतरा, गळ्यातून थोडं पाणी आत जाऊ द्या, उताणं तरंगा, श्वास लांब सोडा. मिनिट-दोन मिनिटांत ओसरतं. स्पर्धेतही दम लागला तर होडी धरून थांबता येतं, तिच्या आधारानं पुढे मात्र सरकायचं नाही. सुटामुळे पाय वर तरंगतात, पण १५०० मीटर आधी बिनसुटाचे जमलेले हवेत.

स्पर्धेचं पत्रकही वाचा. जागतिक संघटनेच्या नियमात या अंतराला पाणी २२ अंशांवर गेलं तर वेटसूट बंद, आणि साधारण १६ च्या खाली सक्तीचा. देशोदेशी आकडा थोडा बदलतो. इकडच्या मैत्रिणींनी तर आपल्या पाण्यासाठी हा खर्च करूच नये. गोव्यात २०१९ साली मिरामारला ‘आयर्नमॅन ७०.३’ सुरू झाली. तिथला समुद्र मुळातच उबदार, सुटात माणूस उकडून निघेल. परदेशी स्पर्धेला जाणार असाल तर गोष्ट वेगळी.

ताई, तुमच्याकडे सूट मोसमापुरता भाड्यानंही मिळतो. पहिल्या वर्षी मी तेच करीन. जुना घेतलात तर उजेडात ताणून बघा: अर्धचंद्रासारख्या नखांच्या चिरा, उसवलेली शिवण, अडणारी चेन. लहान चीर निओप्रीनच्या गोंदानं बुजते.

वापरून झाला की गोड्या पाण्यात खळबळा, उलटा करा आणि सावलीत कमरेत दुमडून वाळत घाला. खांद्यांवर टांगला तर ताणतो. ऊन, धुण्याचं यंत्र, इस्त्री यांपासून लांब.

राहिल्या सासूबाई. त्यांना चेन लावायला बोलवा. भाचीच्या सासूबाईंनी पहिल्या दिवशी तोंड फिरवलं होतं. आता ‘काष्टा नीट बसला का ग?’ म्हणून त्याच विचारतात.

आणि हो, पत्रात तुम्ही उंची लिहिलीत, वजन लिहिलंत, छातीचं माप राहिलं. ते टेपनं नव्यानं घ्या. वजनही, मला सांगितलंत त्यात दोन किलो लपवले असतील तर असू देत, दुकानात मात्र खरं सांगा.