चकाचक म्हणजे जुनं नव्हे!

मंडळी, स्पष्टच बोलतो, राग आला तर येऊ दे. जुन्या घड्याळांची वाट आपण हौशी लोकच लावतोय.

आपल्याकडे चॅरिटी शॉप सहसा नसतात. जुनी वस्तू जाते भंगारवाल्याकडे, तिथून आठवडी बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात. तिथे उन्हात उकरत बसायला वेळ कोणाला? मग ऑनलाइन 'व्हिंटेज एचएमटी जनता, मिंट कंडिशन' दिसलं की लगेच ऑर्डर! चाळीस-पन्नास वर्षांचं घड्याळ आणि डायलवर एक डाग नाही? अरे, जरा तरी शंका येऊ द्या की.

हे 'मिंट' बनतं कसं? मूळ डायल खरवडून त्यावर नवा रंग, नवी छपाई. केस एका घड्याळाची, काटे दुसऱ्याचे, मशीन तिसऱ्याचं. बाहेरचे संग्राहक अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. काय पण नाव कमावलंय!

"पण वेळ तर बरोबर दाखवतं ना?" वेळ मोबाइलही दाखवतो हो. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. त्या काळातल्या डायल आता पुन्हा छापल्या जाणार नाहीत. एक खरवडली की एक कायमची गेली.

दुकानदाराला शिव्या देणं सोपं आहे. पण डाग पडलेल्या घड्याळासाठी आपण पन्नास रुपयांवरून घासाघीस करतो आणि रंगवलेल्याला मुकाट मोजतो. तो बिचारा आपली डिमांड पुरवतोय, बस्स.

खरं तर नाशिककरांना हे सांगावं लागू नये. अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. नाण्यांचा नाद असलेल्या कोणालाही विचारा, जुनं नाणं घासून चमकवलं की त्याची किंमत उतरते. मग घड्याळाला वेगळा न्याय का?

तेव्हा विकत घेताना मागचं झाकण उघडलेला फोटो मागा. केस झिजलेली आणि डायल करकरीत असेल तर सोडून द्या. डाग असलेलं घ्या आणि त्याचे नीट पैसे द्या. आणि आजोबांचं घड्याळ दुरुस्तीला टाकाल तेव्हा कारागिराला बजावून सांगा: साफ करा, तेल घाला, पण डायलला हात लावायचा नाही!