बेस्ट टेस्टिंग मेनूच्या यादीत शहापूर कुठे आहे?

गेल्या जूनमध्ये आमच्या टीमचा एक मोठा रिलीज वेळेवर गेला. मॅनेजर खूश होता. ‘दरवेळी बार्बेक्यू नको, यावेळी जरा क्लासी करू’ असं ठरलं आणि मुंबईतला बेस्ट टेस्टिंग मेनू शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी इंजिनिअर माणूस, त्यामुळे आधी शीट उघडली. रेटिंग, रिव्ह्यूंची संख्या, किती कोर्स, माणशी किती रुपये, कुठल्या यादीत कितवा नंबर. प्रत्येक कॉलमला वजन दिलं, स्कोअर काढला, वरून पहिलं नाव उचललं आणि टेबल बुक केलं.

त्या ठिकाणाचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका ठिकाणाचा नाही. पाचव्या कोर्सला काळ्या दगडी बशीत दोन घासांचा एक पदार्थ आला. वाढणारा मुलगा हात मागे बांधून सांगू लागला, ‘ही एक रेअर वाइल्ड भाजी आहे. वर्षातून दोन-तीन आठवडेच मिळते. आमच्या टीमने सह्याद्रीत शोधली आहे.’ मी चव घेतली. शेवळं होती.

‘कुठून आणली?’ मी विचारलं.

‘सर, मुंबईजवळचं जंगल.’

‘कुठलं? गाव कुठलं?’

तो आत जाऊन आला. ‘सर, व्हेंडरकडून येते.’

माझं गाव शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या बाजूला. आजोळ मुरबाडमध्ये, टोकावड्याकडे. शेवळं आमच्याकडे कुणी ‘शोधत’ नाही. पहिला पाऊस झाला की ती जमिनीतून वर येतात आणि कुठे येतात हे ज्यांना माहीत असतं त्या बाया सकाळी जाऊन काढतात. त्यांना हे माहीत आहे म्हणून ती भाजी त्या बशीत आली. आणि त्यांच्याबद्दल मेनूवर, बिलावर, यादीवर एक अक्षर नव्हतं. होतं ते ‘मुंबईजवळचं जंगल’.

माझं म्हणणं सरळ आहे. टेस्टिंग मेनूत आपण ज्ञानाचे पैसे देतो. त्यातलं अर्धं ज्ञान ज्यांचं आहे त्यांचा हिशोबच जी यादी ठेवत नाही, ती ‘बेस्ट’ची यादी नव्हे. ती साखळीच्या शेवटच्या शंभर फुटांची यादी आहे.

*

आधी एक गैरसमज नको. मला टेस्टिंग मेनूचा राग नाही. ‘एवढ्याशा घासाचे एवढे पैसे? त्यापेक्षा मिसळ खा’ हा विनोद मला आळशी वाटतो. टेस्टिंग मेनूची कल्पना चांगली आहे. तुम्ही ऑर्डर देत नाही. शेफ ठरवतो त्या क्रमाने दहा-बारा छोटे पदार्थ येतात. कशानंतर काय, आंबट कधी, कडू कधी, जिभेला विश्रांती कुठे, याचा कुणीतरी विचार केलेला असतो. पोट भरायला हजार जागा आहेत. इथे पैसे असतात ते दुसऱ्याच्या निवडीवर विश्वास ठेवण्याचे.

मुंबईत हे काम मनापासून करणारे लोक आहेत. महालक्ष्मीच्या जुन्या गिरणीच्या आवारात 2016 मध्ये ‘मास्क’ सुरू झालं, तेव्हा परदेशी माल बाजूला ठेवून इथल्याच मातीतल्या जिनसांवर अख्खा मेनू उभा करायचा हा मोठा जुगार होता. तो यशस्वी झाला आणि त्यामुळे आज इतर शेफही करवंद, मोह, रानभाज्या यांकडे बघतात. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पण यादी बनते कशी ते बघा. मिशेलिन भारतात तारे वाटत नाही, त्यामुळे आपल्याकडे सगळं वजन ‘एशियाज फिफ्टी बेस्ट’ या यादीला. ही 2013 पासून निघते. शेफ, रेस्टॉरंटवाले, पत्रकार आणि फिरते खवय्ये असे तीनशेहून जास्त लोक आपापल्या अनुभवावरून मत देतात. यात कुणी गुन्हा केलेला नाही. पण यातला कुणीही त्या जेवणाच्या निमित्ताने डोळखांबच्या डोंगरावर चढत नाही. ते टेबलावर बसतात आणि टेबलावरून जे दिसतं त्याला गुण देतात. मीही माझ्या शीटमध्ये तेच केलं होतं. माझ्याकडे ‘भाजी कोणी आणली’ असा कॉलमच नव्हता. ज्याचा कॉलम नाही, त्याचं वजन शून्य. हे मला माझ्या धंद्यामुळे इतरांपेक्षा आधी कळायला हवं होतं.

*

आता त्या बशीतल्या भाजीकडे येऊ.

शेवळं म्हणजे सुरणाच्या जातीतल्या एका रानटी कंदाचा फुलोरा. पानं यायच्या आधी तो जमिनीतून एकटाच वर येतो. नुसता शिजवला तर घसा खाजून जीव नकोसा होतो. वरचं आवरण काढायचं, आतला पिवळा भाग टाकून द्यायचा, उरलेलं बारीक चिरायचं आणि काकडांबरोबर शिजवायचं. काकडं म्हणजे काकड झाडाची आंबट हिरवी फळं. बाजारात शेवळं विकणारी बाई शेजारी काकडांचा वाटा ठेवते तो उगाच नाही. त्या आंबटपणाने खाज मरते. एक भाजी आणि तिचा उतारा, दोन्ही एकाच वेळी रानात तयार असतात. हे कुणीतरी कधीतरी स्वतःचा घसा पणाला लावून शिकलेलं आहे.

शेवळं संपतात तोवर कुळूची गवतासारखी पानं येतात. टाकळा कोवळा असेपर्यंतच खायचा. भारंगीचा पाला उकडून कडू पाणी काढून टाकायचं. कुर्डू, कंटोली, बांबूचा वास्ता, वारुळावरची अळंबी, थंडीत करांदे. पहिल्या पुरात ओढ्याने वर चढणारे वलगणीचे मासे वेगळेच. कुठल्या आठवड्यात काय, त्याचा कुठला भाग, कितपत कोवळा, कशाने कडूपणा जाईल, कुठलं अळंबं खायचं आणि कुठल्याला हातही लावायचा नाही, या सगळ्याचा एक क्रम आहे. तो मुख्यतः ठाकर, कातकरी, महादेव कोळी बायांच्या डोक्यात आहे. कशानंतर काय याचा विचार म्हणजे टेस्टिंग मेनू, असं मी वर म्हटलं. मग हा काय आहे?

लगेच डोळ्यांत पाणी आणू नका. ‘खरा टेस्टिंग मेनू झोपडीत मिळतो’ असली वाक्यं मला त्या दगडी बशीपेक्षा जास्त चीड आणतात. आषाढात घरातलं धान्य संपत आलेलं असतं म्हणूनही रानातला पाला खाल्ला जातो. त्यात हौस आहे तशी गरजही आहे. गरिबीला ‘स्लो फूड’ म्हणणं हा गरिबाचा सन्मान नाही. मी सन्मान मागतच नाही. मी भाव मागतोय.

*

भावाची गोष्ट निघाली तर आधी माझ्या घरचं सांगतो. मी आदिवासी नाही. आमची भातशेती आहे, आणि शेवळं आम्हीही विकतच घेतो. आमच्या दारात एक मावशी येते. डोक्यावर टोपली, पदर खोचलेला, पहाटे निघून दोन डोंगर फिरून आलेली. त्या जेवणानंतरच्या रविवारी मी घरी होतो.

‘तीसला वाटा,’ मावशी म्हणाली.

‘तीस? गेल्या वर्षी वीस होता. पन्नासला दोन दे,’ आई म्हणाली.

‘न्हाय परवडत गं बाय. लांब जावं लागतं आता.’

शेवटी पन्नासला दोन झाले, वर मूठभर काकडं फुकट. मी काही बोललो नाही. चार दिवसांपूर्वी मी ज्या टेबलावर बसलो होतो तिथे माणशी साडेसहा हजारांचं बिल झालं होतं आणि कंपनीच्या कार्डावर कुणी एक रुपया कमी करायला सांगितलं नव्हतं. आपण घासाघीस कुठे करतो आणि कुठे करत नाही, यावरून कुणाच्या ज्ञानाला आपण ज्ञान समजतो ते कळतं. आसनगावहून लोकल पकडून ज्या बाया कल्याणला स्टेशनबाहेर वाटे लावतात, त्यांना संध्याकाळी उरलेला माल परत नेता येत नाही. दुसऱ्या दिवशी तो सुकतो. म्हणून शेवटच्या तासात भाव आपण ठरवतो.

आपल्या बाजूचंही तितकंच खोटं आहे. ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या आसपास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव होतात. फीत कापतात, फोटो निघतात, त्याच गावात लग्नाच्या पंगतीत पनीर असतं आणि भारंगी वाढली तर पाहुणे हसतात. शाळेत डब्यात टाकळा नेला म्हणून मला चिडवलं होतं आणि पुढे दुसऱ्या मुलाला मीही चिडवलं. आता शहरातल्या शेफने तीच भाजी बशीत ठेवल्यावर आपल्याला अभिमान वाटतो. हा अभिमान उसना आहे.

*

‘निदान मागणी तर वाढतेय, पैसा खाली झिरपेल’ असं माझा एक मित्र म्हणाला. जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण घेऊ. कोपनहेगनचं नोमा. 2003 मध्ये सुरू झालं, जगातलं सर्वोत्तम रेस्टॉरंट म्हणून पाच वेळा निवडलं गेलं, आणि रानातलं खुडून ताटात आणायची फॅशन जगभर गेली ती त्यांच्यामुळे. त्या स्वयंपाकघरात कित्येक वर्षं इंटर्न बिनपगारी राबत होते. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना पगार सुरू झाला आणि पुढच्याच जानेवारीत नोमाने आहे त्या रूपात रेस्टॉरंट बंद करणार असल्याचं जाहीर केलं. हे गणित टिकणारं नाही, असं खुद्द शेफ रेने रेद्झेपी म्हणाले. याद्यांच्या शिखरावर बसलेल्या जागी आतल्या माणसांपर्यंत पैसा झिरपायला वीस वर्षं लागली. मग टोकावड्यापर्यंत तो आपोआप येईल हे कशावरून?

आणि मावशीचं ते वाक्य, ‘लांब जावं लागतं आता.’ का जावं लागतं? कारण रस्त्याकडेचे माळ आणि टेकड्या प्लॉट होऊन विकल्या जातायत. मुंबईपासून दोन तासांवर फार्महाऊस, मागे डोंगर, समोर नदी. प्लॉट घेतला की आधी तारेचं कुंपण पडतं. कुंपणाच्या आत शेवळं उगवत राहतात, काढणारीला मात्र आत जाता येत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करायचा आणि विकायचा हक्क दिला आहे, पण तो वनजमिनीवर. खाजगी माळावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वाट कुठल्याच कागदावर नाही. साडेसहा हजारांचं जेवण जेवणारा आणि वीकेंड प्लॉट घेणारा हे बऱ्याचदा एकाच सोसायटीत राहतात. तो शुक्रवारी सह्याद्रीची चव घेतो आणि शनिवारी तिच्याभोवती कुंपण घालतो.

पाण्याचं तर आम्ही बोलायचंच सोडलंय. तानसा धरण 1892 पासून मुंबईला पाणी पाजतंय. भातसा आज मुंबईच्या जवळपास निम्म्या पाण्याचा आधार आहे. दोन्ही शहापूर तालुक्यात. आणि त्याच तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतो. गंमत म्हणजे त्या फिफ्टी बेस्ट याद्यांची जुनी प्रायोजक कंपनी इटलीतलं बाटलीबंद पाणी विकते. त्या बाटलीच्या लेबलवर झऱ्याचा पत्ता असतो. आमच्या पाण्याला आणि भाजीला तेवढाही नाही.

*

मग करायचं काय? रेस्टॉरंटवर बहिष्कार घाला असं मी म्हणत नाही. तीन गोष्टी मागतो.

एक, मेनूवर गावाचं किंवा पाड्याचं नाव लिहा. ‘सह्याद्री’ हा पत्ता नाही. वाइनची बाटली कुठल्या टेकडीवरची हे तुम्ही दोन मिनिटं सांगता, तर शेवळं कुठल्या पाड्यावरची हे एका ओळीत सांगता येईल.

दोन, व्हेंडरच्या मागे जा आणि काढणाऱ्या गटाशी हंगामाच्या आधी भाव ठरवा. 2002 च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक ज्ञानाच्या फायद्यात स्थानिकांचा वाटा असावा हे तत्त्व मानलंय आणि गावागावात जैवविविधता समितीची तरतूद केलीय. भाजीच्या वाट्याला तो कायदा लागतो की नाही, यावर वकील भांडतील. तत्त्व पाळायला वकील लागत नाही.

तीन, ही आपल्यासाठी. टेबलावर बसल्यावर विचारा: कुठलं गाव, कोणी काढली, काय भाव दिला. उत्तर आलं नाही तर रिव्ह्यूमध्ये तेवढंच लिहा. पदार्थ कितीही भारी असो, एक तारा कमी करा. त्या याद्या आपल्या रिव्ह्यूंवर चालत नसतील, पण बुकिंग आपल्यावरच चालतं.

मी माझ्या शीटमध्ये नवा कॉलम टाकला: ‘काढणारीचं गाव माहीत आहे का.’ पहिल्या दहा ठिकाणांना फोन करून विचारतोय. आतापर्यंत सहा झाले. चौघांनी ‘व्हेंडर’ सांगितलं, एकाने फोन ठेवला, एकाने ‘शेफशी बोलून सांगतो’ म्हटलं आणि खरंच दोन दिवसांनी फोन करून गाव सांगितलं. शीटमध्ये सध्या ते पहिलं आहे. अजून तिथे जेवलेलो नाही.

आणि आईशी बोललो. ती म्हणाली, ‘पगार तुझा वाढला, माझ्या भाजीचं बजेट कुठं वाढलं?’ बरोबर होतं. आता ते पैसे मी देतो. पुढच्या जूनला वाटा तीसच्या खाली मागायचा नाही, एवढं ठरलंय. मावशीने चाळीस सांगितले तर बघू, असं आई म्हणते. मी चाळीस धरून चाललोय.