व्रत घ्यायचं असतं, लादायचं नसतं



परवा डॅलसहून भाचीचा फोन आला. तिला चौथा महिना लागलाय. "मावशी, काही अडचण आली तर इथले डॉक्टर आधी वकिलाला विचारतील गं," म्हणाली. मी गॅस बंद करून तिथेच बसले.

तिची भीती उगाच नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ ला 'रो विरुद्ध वेड' हा १९७३ चा निकाल रद्द केला आणि गर्भपाताचा निर्णय एकेका राज्यावर सोपवला. टेक्सासमध्ये जवळपास पूर्ण बंदी आली. आईच्या जिवाला किंवा शरीराच्या मुख्य कार्याला गंभीर धोका असेल तेवढीच सूट. कायदा मोडला तर डॉक्टरला ९९ वर्षांपर्यंत कैद.

डिसेंबर २०२३ मध्ये डॅलस भागातल्या केट कॉक्स, दोन मुलांची आई, कोर्टात गेल्या. पोटातल्या बाळाला ट्रायसोमी १८, म्हणजे जगण्याची आशा फारच थोडी. खालच्या कोर्टाने परवानगी दिली, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती काढून घेतली. निकालाआधीच त्यांना उपचारासाठी दुसऱ्या राज्यात जावं लागलं. २०२५ मध्ये टेक्सासने सूट थोडी स्पष्ट केली, पण बंदी तशीच आहे.

आता माझं मत. आपली पंचकल्याणकं गर्भकल्याणकापासूनच सुरू होतात. गर्भात जीव आहे, गर्भपात ही हिंसा आहे, हे मी मानते. तरी या बंदीचा मला आनंद होत नाही.

मी रात्रिभोजनाचा त्याग केलाय, यांनी केलेला नाही. म्हणून मी स्वयंपाकघराला कुलूप लावत नाही. अणुव्रत आपल्या तोंडाने, आपल्या शक्तीप्रमाणे घ्यायचं असतं. नणंद म्हणेल, "वहिनी, जेवण आणि जीव एक कसे?" खरंय. पण इथे जीव दोन आहेत. तुरुंगाच्या भीतीने डॉक्टर थांबला आणि आई तापाने फणफणली, तर ती हिंसा कोणाच्या खात्यावर? आपल्याकडे हिंसा मोजताना भाव पाहतात. पोटातलं बाळ वाचणार नाही हे कळून रडणाऱ्या आईचा भाव कायद्याच्या कलमाला कुठून दिसणार?

गर्भपात कमी व्हावेत असं वाटत असेल, तर गरोदर बाईच्या पाठीशी उभं राहूया. पोलीस उभे करून करुणा येत नाही.

भाचीला एवढंच म्हटलं, "काहीही झालं तरी आधी मला फोन कर." अधिक-उणं लिहिलं असेल तर उत्तम क्षमा. तुमचं मत वेगळं असेल तर तेही जरूर सांगा.